कपाटातल्या सीडी, छोटा संगणक आणि चांगला आवाज: कमी खर्चातला घरगुती म्युझिक सर्व्हर

शे-दोनशे सीडी कपाटात पडून आहेत, प्लेअरची लेन्स थकली आहे आणि गाणं ऐकायचं ते मोबाइलच्या ब्लूटूथ स्पीकरवर, अशी अवस्था आज बऱ्याच घरांत आहे. तळहातावर मावणारा एक संगणक, एक एसएसडी (फिरत्या चकतीशिवायची डिस्क) आणि एक साधा डॅक (आकड्यांचा आवाजाच्या सिग्नलमध्ये बदल करणारं उपकरण), एवढ्या सामानात असा सर्व्हर उभा राहतो की सीडीत जे आहे ते सगळं न गाळता ॲम्प्लिफायरपर्यंत पोचतं आणि मोबाइलवरून हवं ते लावता येतं.

आधी पैशांचं. हातात वीस हजार असतील तर त्यातले निम्म्याहून जास्त स्पीकर आणि ॲम्प्लिफायरसाठी बाजूला काढा. सीडीतला आवाज म्हणजे दर सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटचा, डावा-उजवा असे दोन चॅनेल. हिशेब केला तर सेकंदाला सुमारे १४ लाख ११ हजार बिट. एवढे आकडे डिस्कवरून वाचून डॅककडे द्यायचे, हे दहा-बारा वर्षं जुन्या संगणकालाही जड नाही. आकडे जसेच्या तसे पोचले, की ते महागड्या डब्यातून आले की स्वस्तातल्या, याने काही बिघडत नाही. स्पीकरचं तसं नसतं. तिथे कागदाचा किंवा प्लॅस्टिकचा पडदा प्रत्यक्ष हलतो, आणि चांगल्या-वाईटातला खरा फरक तिथे कानाला कळतो. म्हणून ‘ऑडिओफाइल’ यूएसबी केबल, ‘ऑडिओ ग्रेड’ मेमरी कार्ड असल्या गोष्टींवर एक रुपयाही घालू नका.

संगणक कोणता घ्यायचा

या कामाला रास्पबेरी पाय ४ हा तळहाताएवढा संगणक, दोन जीबी मेमरीचा, पुरून उरतो. जुना पाय ३ घरात असेल तर तोही चालेल. पाय ५ घेण्याची गरज नाही: त्याला ५ ॲम्पियरचा वेगळा पॉवर सप्लाय लागतो, तो तापतोही जास्त, आणि आवाजात काही भर पडत नाही. पाय ४ गाणी वाजवताना साधारण ३ ते ५ वॅट घेतो. ४ वॅट धरले तर चोवीस तास चालू ठेवूनही वर्षाला ३५ युनिट होतात. तेच काम ५० वॅट खाणाऱ्या जुन्या टॉवर संगणकाला दिलं तर वर्षाला ४३८ युनिट. फुकट मिळालेला टॉवर म्हणूनच स्वस्त पडत नाही, शिवाय त्याचा पंखा आलापाच्या मागे घुमत राहतो.

जुना लॅपटॉप मात्र विचारात घ्यावा. स्क्रीन फुटली असेल, कीबोर्डची बटणं गेली असतील, तरी चालतं; बॅटरी अर्धा तास टिकत असेल तर तो आयताच यूपीएस. त्यावर डॅफाइल ही मोफत प्रणाली टाकता येते. ती खास संगीतासाठीच बनवलेली आहे, ब्राउझरवरून चालते आणि लॅपटॉपच्या ड्राइव्हमध्ये सीडी घातली तर ती उतरवूनही घेते. आधी पेनड्राइव्हवरून चालवून पाहा. लॅपटॉपच्या डिस्कवर बसवली तर त्या डिस्कवरचं सगळं पुसलं जातं, हे लक्षात ठेवा. लॅपटॉपच्या मार्गाने जाणाऱ्यांना यूएसबी डॅकच लागेल; पुढे पिनांची जोडणी सांगितली आहे ती फक्त पायसाठी.

पायसोबत काटकसर करू नये अशी एकच वस्तू आहे, ती म्हणजे पॉवर सप्लाय. रास्पबेरीचाच ५.१ व्होल्ट, ३ ॲम्पियरचा घ्या. मोबाइलचा चार्जर आणि बारीक तारांची केबल लावली की एसएसडी जोडल्याबरोबर व्होल्टेज खाली येतं. मग गाणं मध्येच अडखळतं, डिस्क गायब होते, आणि माणूस दोष देत बसतो सॉफ्टवेअरला. डबी ॲल्युमिनियमची, बिनपंख्याची घ्या. मेमरी कार्ड नावाजलेल्या कंपनीचं, १६ किंवा ३२ जीबीचं पुरे. गाणी त्यावर ठेवायचीच नाहीत.

गाण्यांसाठी अडीच इंची एसएसडी यूएसबीच्या डबीत घालून वापरा. तासाभराची सीडी एफएलएसीमध्ये (आवाज न गाळता फाइल लहान करणाऱ्या स्वरूपात) साधारण ३०० ते ४०० एमबी होते, म्हणजे पाचशे सीडींना २०० जीबीच्या आसपास. कुणाच्या लॅपटॉपमधून काढलेली २४० जीबीची एसएसडी असेल तर तीसुद्धा भागवते. ही डबी पायच्या निळ्या, म्हणजे यूएसबी ३ च्या पोर्टात न लावता काळ्या पोर्टात लावा. यूएसबी ३ चालू असताना त्यातून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात खरखर पसरते आणि शेजारीच असलेला पायचा वाय-फाय मंदावतो. शिवाय काही स्वस्त डब्यांमधली चिप पायच्या यूएसबी ३ शी नीट जमवून घेत नाही. काळ्या पोर्टाचा वेगही गाण्याच्या गरजेच्या शेकडोपट आहे.

डॅक: इथे थोडं थांबून काम करा

पाय ४ ला हेडफोनचं भोक आहे, पण त्यातून येणारा आवाज या कामाचा नाही. तो स्पंदांची रुंदी बदलून कसाबसा तयार केलेला असतो आणि शांत जागी मागची सळसळ सरळ ऐकू येते. डॅक वेगळाच हवा.

सगळ्यांत स्वस्त आणि तरी खरोखर चांगला मार्ग म्हणजे पीसीएम ५१०२ए या चिपचा छोटा जांभळा बोर्ड. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन, हजाराच्या आतच मिळतो. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या या चिपचा सिग्नल आणि खरखर यांतलं अंतर ११२ डेसिबल आहे आणि ती २.१ व्होल्टचा पूर्ण लाइन आउटपुट देते. घरातल्या ॲम्प्लिफायरला तो पुरेपूर होतो. पण हा बोर्ड आणला, तारा जोडल्या आणि आवाजच नाही, असं फार जणांचं होतं. कारण बोर्डाच्या पाठीवर असतं.

बोर्ड उलटा करून चांगल्या उजेडात धरा. चार जागी तीन-तीन चकचकीत टिकल्या दिसतील, एक ते चार आकडे लिहिलेल्या. प्रत्येकीत मधली टिकली एका बाजूला ‘एल’शी किंवा दुसऱ्या बाजूला ‘एच’शी डाखाच्या थेंबाने जोडायची असते. पहिली, दुसरी आणि चौथी ‘एल’कडे, तिसरी ‘एच’कडे. ही तिसरी म्हणजे आवाज बंद ठेवण्याची वायर. ती मोकळी राहिली किंवा ‘एल’कडे गेली तर चिप जिवंत असूनही मुकी राहते. काही बोर्डांवर हे डाख कारखान्यातूनच आलेले असतात, काहींवर अजिबात नसतात. म्हणून गृहीत न धरता प्रत्येक टिकली पाहा. आता बोर्ड सुलटा करा. एससीके लिहिलेल्या पिनेलगत दोन टिकल्यांची आणखी एक जोडी असते, तीही डाखून टाका, म्हणजे एससीके जमिनीला म्हणजे ग्राउंडला जोडली जाते आणि चिप आपलं घड्याळ आपणच तयार करते. ती मोकळी सोडली तर टिकटिक, खरखर किंवा मध्येच गप्प होणं असले प्रकार होतात. डाखायची सवय नसेल तर रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे हे पाच मिनिटांचं काम आहे.

तारा जोडताना पायचा प्लग काढलेला हवा. चाळीस पिनांच्या ओळीत पहिली पिन मेमरी कार्डाच्या बाजूच्या टोकाला येते. विषम आकड्यांची ओळ बोर्डाच्या आतल्या अंगाला, सम आकड्यांची कडेला. डॅकची व्हीआयएन पिन २ ला, ग्राउंड पिन ६ ला, बीसीके पिन १२ ला, एलसीके पिन ३५ ला आणि डीआयएन पिन ४० ला. प्लग लावण्याआधी हे दोनदा मोजा, कारण पिन २ आणि ४ वर पाच व्होल्ट असतात आणि ते चुकून सिग्नलच्या पिनेवर गेले तर पाय जळतो. तारा वीतभर लांब नकोत, दहा सेंटिमीटरच्या आत ठेवा. सैल जंपर वायर हेच खरखरीचं नेहमीचं कारण असतं.

डाखकामच नको असेल तर यूएसबी डॅक घ्या. या सर्व्हरच्या प्रणाली ज्यावर चालतात त्या लिनक्सला त्यासाठी वेगळा ड्रायव्हर लागत नाही, फक्त वस्तू ‘यूएसबी ऑडिओ क्लास’ पाळणारी असावी, आणि हल्लीच्या बहुतेक असतात. मागे लाल-पांढरी आरसीए भोकं असलेला निवडा, म्हणजे ॲम्प्लिफायरची जोडणी सोपी होते. बेहरिंगरचा यूसीए २०२ जुना आहे, ४८ किलोहर्ट्झ आणि १६ बिटवर थांबतो, पण सीडीसाठी तेवढं पुरतं. शिवाय त्याला लाइन-इन, म्हणजे बाहेरचा आवाज आत घेण्याची जागा आहे, त्याचा उपयोग कॅसेटसाठी होतो.

प्रणाली बसवणं

पायवर मूड ऑडिओ (moOde audio) ही मोफत प्रणाली घाला. दुसऱ्या संगणकावर रास्पबेरी पाय इमेजर उतरवून घ्या, कार्ड लावा, पायचा प्रकार आणि प्रणाली निवडा. कार्ड लिहिण्याआधी तो सेटिंग्ज विचारतो, ती पायरी टाळू नका: यंत्राचं नाव ‘मूड’ (इंग्रजीत moode), वापरकर्त्याचं नाव, पासवर्ड, वाय-फायचं नाव आणि पासवर्ड, देश भारत. पहिल्यांदा सुरू करताना शक्यतो राउटरपासून लॅन केबल लावा आणि चार-पाच मिनिटं थांबा. पहिल्या वेळी प्रणाली कार्डावर स्वतःची जागा वाढवत असते, तेव्हा प्लग काढला तर कार्ड पुन्हा लिहावं लागतं.

मग मोबाइलच्या किंवा संगणकाच्या ब्राउझरमध्ये ‘मूड डॉट लोकल’ (moode.local) हा पत्ता इंग्रजीत टाका. जुन्या अँड्रॉइड फोनला असे ‘लोकल’ पत्ते सापडत नाहीत. तेव्हा राउटरच्या पानावर जोडलेल्या यंत्रांच्या यादीत पायचा आकडी पत्ता पाहा आणि तो टाका. तिथेच तो पत्ता कायमचा राखून ठेवला तर रोज शोधावा लागत नाही.

मेन्यूतून कॉन्फिगर, त्यात ऑडिओ. जांभळ्या बोर्डासाठी आय-टू-एस, म्हणजे पिनांवर जोडलेल्या डॅकच्या यादीतून ‘हायफायबेरी डॅक’ निवडा. ‘डॅक प्लस’ नव्हे: तो वेगळ्या चिपसाठी आहे आणि निवडला तर पाय डॅकला शोधत राहतो, सापडत काही नाही. निवड करून पाय पुन्हा सुरू करा. यूएसबी डॅक असेल तर आउटपुट डिव्हाइसमध्ये त्याचं नाव आपोआप दिसतं.

आता व्हॉल्यूम. ॲम्प्लिफायरला स्वतःचा कान असेल, म्हणजे फिरवायचं बटण असेल, तर मूडमध्ये व्हॉल्यूमचा प्रकार ‘फिक्स्ड’ ठेवा आणि कमी-जास्त ॲम्प्लिफायरवरच करा. असं केल्याने आकड्यांना कुणी हात लावत नाही. ॲम्प्लिफायरला बटणच नसेल तर ‘फिक्स्ड’ कधीही ठेवू नका, पहिलाच स्वर पूर्ण ताकदीने बाहेर येईल आणि स्पीकरचा ट्वीटर, म्हणजे उंच स्वरांचा छोटा पडदा, जाऊ शकतो. तिथे ‘सॉफ्टवेअर’ निवडा. बिछान्यातून मोबाइलवर आवाज कमी करायची सोय हवी असेल तरी सॉफ्टवेअर व्हॉल्यूम बिनदिक्कत वापरा. जांभळ्या बोर्डासारखा डॅक १६ पेक्षा जास्त बिट घेतो, त्यामुळे थोडा आवाज कमी केल्याने सीडीतलं काही कानाला जाणवेल इतकं हरवत नाही. बिट-परफेक्टचा, म्हणजे एकही आकडा बदलू नये असा, हट्ट धरून गैरसोय सोसण्यात अर्थ नाही.

क्रॉसफेड (एक गाणं दुसऱ्यात मिसळणं) शून्य ठेवा, रीसॅम्पलिंग (नमुन्यांची संख्या बदलणं) बंद. रीप्लेगेन, म्हणजे आवाजाची पातळी आपोआप सारखी करणारी सोय, वापरायचं असेल तर ‘अल्बम’ प्रकारचं. ‘ट्रॅक’ प्रकारात प्रत्येक तुकडा सारख्या आवाजाला आणला जातो, आणि मग हळुवार आलाप आणि भरधाव तराणा एकाच उंचीवर येऊन बसतात.

सीडी उतरवणं

सगळ्या कामात वेळ खाणारं काम हे, आणि ते एकदाच नीट करायचं असतं. विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी, मॅकवर एक्सएलडी, लिनक्सवर व्हिपर. तिन्ही मोफत. साधी कॉपी करणारे प्रोग्राम ओरखड्यावरून जाताना अंदाजाने आकडा भरतात आणि तुम्हाला सांगत नाहीत. ही तीन सांगतात. ‘सिक्युअर’ पद्धत चालू ठेवा. ॲक्युरेटरिप ही जगभरच्या लोकांनी केलेल्या प्रतींची तुलना करणारी यादी आहे. आपली प्रत तिच्याशी जुळली की निश्चिंत व्हायचं. पण आपल्याकडच्या नाट्यसंगीताच्या, अभंगांच्या, छोट्या कंपन्यांच्या बऱ्याच सीडी त्या यादीत सापडत नाहीत. अशा वेळी ‘टेस्ट अँड कॉपी’ वापरा. प्रोग्राम प्रत्येक गाणं दोनदा वाचतो आणि दोन्ही वेळचा तपासणी आकडा दाखवतो. दोन्ही एकच असतील तर प्रत बरोबर. वेगळे आले तर सीडी पुसून पुन्हा प्रयत्न करा. पुसताना मऊ सुती फडक्याने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल नाही. गोल ओरखडा आकड्यांच्या ओळीलाच समांतर जातो आणि तो भरून काढणं ड्राइव्हला जड जातं. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, सीडीवर बुरशीचे ठिपके धरतात. ते साध्या पाण्याने आणि भांडी घासायच्या साबणाच्या एका थेंबाने निघतात. ठिपके धातूच्या थरात आत गेले असतील तर ती सीडी संपली. तिच्यासारखीच दिसणारी बाकीची मात्र लगेच उतरवून घ्या.

स्वरूप एफएलएसी. ते झिपसारखं आहे: जागा कमी लागते पण उघडलं की मूळ आकडे जसेच्या तसे. कॉम्प्रेशनची पातळी ५ ठेवा की ८, आवाज तोच; फरक फाइलच्या आकारात आणि तोही थोडाच. प्रत्येक फाइलमध्ये मूळ आवाजाची तपासणी खूण असते, त्यामुळे पाच वर्षांनीही फाइल बिघडली आहे का ते तपासता येतं. एमपीथ्रीमधून एफएलएसी करण्यात काही मिळत नाही. गेलेलं परत येत नाही, फाइल तेवढी फुगते. यूट्यूबवरून उतरवलेल्याचंही तेच.

शास्त्रीय संगीताला एफएलएसी आणखी एका कारणाने हवा. मैफलीच्या सीडीत विलंबित संपून द्रुत सुरू होते तिथे तुकडा पडलेला असतो, पण तानपुरा आणि तबला अखंड चालू असतात. एमपीथ्रीच्या दोन्ही टोकांना थोडी रिकामी जागा भरलेली असते, म्हणून त्या सांध्यावर लय तुटते. एफएलएसीत ती जागा नसते आणि समेवर येताना काही कळतही नाही. कमी बिटच्या एमपीथ्रीत तानपुऱ्याची जवारी पाण्याखालून आल्यासारखी डचमळते. हा फरक ऐकायला महाग स्पीकर लागत नाहीत.

नावं आणि टॅग

सर्व्हर बसवून महिन्याभराने तो वापरात राहतो की धूळ खातो, हे ठरतं टॅगवर, म्हणजे फाइलीतच लिहिलेल्या गायक, अल्बम वगैरे नोंदींवर. इंटरनेटवरून आपोआप येणारी नावं पाश्चात्त्य संगीताला ठीक असतात. आपल्याकडे एकाच गायकाची ‘पं. भीमसेन जोशी’, ‘भीमसेन जोशी’ आणि रोमन लिपीतली आणखी दोन स्पेलिंगं, अशी चार वेगळी खाती तयार होतात. म्हणून सुरुवातीलाच नियम ठरवा. आमची शिफारस: पंडित, विदुषी, उस्ताद वगैरे आदरार्थी शब्द टॅगमध्ये नकोत, कारण मग निम्मे कलाकार ‘प’ खाली गोळा होतात. लिपी एकच ठेवा. एफएलएसीचे टॅग युनिकोडमध्ये असतात, त्यामुळे देवनागरी बिनतक्रार चालते आणि यादी आपल्या वर्णक्रमाने लागते.

देवनागरीत एक बारकी अडचण येते. ‘ॲ’ हे अक्षर दोन तऱ्हांनी टाइप होतं: एकसंध अक्षर म्हणून, किंवा ‘अ’ टाइप करून त्यावर चंद्र देऊन. डोळ्याला दोन्ही सारखी दिसतात, संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द. मोबाइलवर शोधलं आणि सापडलं नाही, पण गाणं तर आहे, असं झालं की हे तपासा. टॅग शक्यतो एकाच कीबोर्डवरून घाला.

विंडोजवर एमपीथ्रीटॅग हा प्रोग्राम पन्नास फाइलींवर एकदम काम करतो. रागासाठी वेगळा रकाना कुठल्याच प्लेअरला माहीत नसतो, म्हणून राग ‘जॉनर’मध्ये लिहावा. एमपीथ्रीटॅगमध्ये दोन उलट्या तिरक्या रेघा दिल्या की एकाच रकान्यात दोन वेगळ्या नोंदी होतात, जसं ख्याल आणि यमन. मग मूडच्या पहिल्या यादीत यमन दाबलं की घरात जेवढा यमन आहे तेवढा सगळा समोर येतो, कुठल्याही गायकाचा, कुठल्याही वाद्याचा. ही सोय सीडीच्या कपाटाने कधीच दिली नसती. ‘भूप’ की ‘भूपाली’, ‘यमन’ की ‘कल्याण’, हे मात्र एकदा ठरवून कागदावर लिहून ठेवा आणि पाळा.

नाट्यपदांना अल्बमच्या जागी नाटकाचं नाव द्या. संगीत मानापमान १९११ साली रंगभूमीवर आलं, चाली गोविंदराव टेंब्यांच्या, पदं कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांची. तीच पदं पुढे कितीतरी गायकांनी गायली. अल्बम ‘मानापमान’, संगीतकाराच्या रकान्यात टेंबे, कलाकाराच्या रकान्यात गायक, एवढं भरलं की एकच पद चार गळ्यांतून लागोपाठ ऐकता येतं. भावगीतांच्या संकलनांना ‘अल्बम आर्टिस्ट’मध्ये एकच ठरलेलं नाव द्या, उदाहरणार्थ ‘विविध’. तो रकाना रिकामा राहिला तर वीस गाण्यांची एक सीडी वीस वेगळे अल्बम होऊन पसरते. दोन सीडींचा संच असेल तर डिस्क क्रमांक भरा, नाहीतर दोन्हीकडचं पहिलं गाणं शेजारी येऊन बसतं.

कॅसेटचं काम वेगळंच, इथे थोडक्यात: डेकचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, डेकच्या लाइन-आउटमधून यूएसबी साउंडकार्डच्या लाइन-इनमध्ये घ्या, माइकच्या भोकात नाही, आणि ऑडॅसिटी या ध्वनिमुद्रणाच्या प्रोग्राममध्ये सगळ्यांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. खरखर काढणारे फिल्टर जपून वापरा, ते तानपुऱ्यालाही खरखरच समजतात.

स्पीकर आणि खोली

आपल्या घरांत फरशी गुळगुळीत, भिंती उघड्या. आवाज आपटून परत येतो आणि शब्द गढूळ होतात. स्पीकरच्या आणि तुमच्या मध्ये फरशीवर जाड सतरंजी आणि मागच्या खिडकीला जड पडदा, एवढ्याने जो फरक पडतो तो महागड्या डॅकने पडत नाही. दोन स्पीकर आणि ऐकणारा, तिघांमध्ये सारखं अंतर ठेवा, ट्वीटर बसल्यावर कानाच्या उंचीला येऊ द्या. कोपऱ्यात कोंबलेला स्पीकर डग्ग्याचा प्रत्येक ठोका घुमवतो. भिंतीपासून वीत-दोन वीत पुढे ओढला की डग्गा आणि त्यावरची मींड वेगवेगळी ऐकू येते. शोकेसच्या कप्प्यात ठेवायची वेळ आली तर स्पीकर निदान कप्प्याच्या तोंडाशी आणा आणि खाली रबराचे तुकडे द्या.

काय बिघडतं

सतत गुणगुण येत असेल आणि ती व्हॉल्यूमने कमी-जास्त होत नसेल, तर बहुतेक ग्राउंड लूप, म्हणजे दोन यंत्रांच्या ग्राउंडमधून फिरणारा नको असलेला प्रवाह. केबल टीव्हीची वायर, मग लॅन केबल, मग इतर जोडण्या एकेक काढत जा. ज्या क्षणी गुणगुण थांबेल ती वायर दोषी. पाय आणि ॲम्प्लिफायर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या. तरी राहिली तर डॅक आणि ॲम्प्लिफायरच्या मध्ये ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला. ॲम्प्लिफायरच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकणं हा उपाय कुणी सांगितला तर ऐकू नका, त्यात जिवाला धोका आहे.

गाणं अडखळत असेल तर आधी पॉवर सप्लाय, मग एसएसडीची केबल, मग वाय-फाय, या क्रमाने पाहा. गाणी पायलाच जोडलेल्या एसएसडीवर असतील तर वाय-फाय मंद असल्याने वाजणं थांबत नाही, फक्त मोबाइलवरचं पान उशिरा उघडतं. त्यामुळे वाय-फायला उगाच दोष जातो. नव्या सीडी एसएसडीवर टाकल्या आणि त्या दिसत नसतील तर लायब्ररी अपडेट करायचं राहिलं आहे.

वीज जाणं ही आपल्याकडची खरी अडचण. पाय चालू असताना वीज गेली तर मेमरी कार्डावरच्या फाइली बिघडू शकतात आणि पाय उठतच नाही. बंद करताना मेन्यूतून शटडाउन करायची सवय लावा, पाय आणि राउटर इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. सगळं मनासारखं बसलं की मूडच्या सिस्टिम सेटिंग्जमधून बॅकअप काढा आणि दुसरं कार्ड तयार करून डबीतच चिकटवून ठेवा. वीज दिवसातून चार वेळा जात असेल तर मूडऐवजी पायकोअरप्लेअर वापरा. ती प्रणाली सुरू होताना पूर्णपणे मेमरीत चढते आणि वाजवताना कार्डावर काही लिहीत नाही, त्यामुळे प्लग खेचला तरी कार्ड शाबूत राहतं. मांडणी मूडइतकी सोपी नाही, एवढंच.

गाण्यांच्या एसएसडीची एक प्रत साध्या हार्ड डिस्कवर काढा आणि ती भावाकडे, बहिणीकडे, दुसऱ्या कुठल्याही घरात ठेवा. एकाच टेबलावर ठेवलेल्या दोन प्रती गळक्या छताखाली एकदमच भिजतात. दर पन्नास नव्या सीडींनंतर ती डिस्क आणून भर घालायची, आणि त्याच वेळी जुन्या फाइलींमधल्या पाच-दहा उघडून त्या नीट वाजतात ना, हे पाहून घ्यायचं.